वर न येणारं दूध

आमच्या घरात गाय आहे, असं माझी लेक मुंगी सगळ्यांना सांगायची. बागेतल्या बाकावर बसलेल्या आज्यांना, डॉक्टरांना, जिन्यात भेटेल त्याला. "आमची गाय ओट्यावर बसते," असंही वर सांगायची. मग ऐकणारा माझ्याकडे बघायचा आणि मला खुलासा करावा लागायचा, "मिक्सर हो. तिच्या आजोबांनी ठेवलंय ते नाव."

हे आजोबा म्हणजे माझे सासरे, आबा. आबांनी जन्मभर दूध विकलं. तरुणपणी सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवून घरोघरी रतीब घातले, पुढे स्वतःचं दुकान टाकलं. गिऱ्हाईक सासूबाई सांभाळायच्या आणि दूध आबा सांभाळायचे. नवीन ठिकाणाहून दूध आलं की ते त्यातला एक थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचे आणि अंगठा तिरपा करायचे. "पाणी घातलेला थेंब पळत सुटतो. खरं दूध रेंगाळतं, मागे रेघ ठेवतं." मी लग्न करून आले तेव्हा माझ्या हातचा पहिला चहा पिण्याआधीसुद्धा त्यांनी दुधाच्या भांड्यात बोट बुडवून नखावर थेंब घेतला होता. सासूबाई म्हणाल्या होत्या, "अहो, दूध तपासताय की सून?"

अशा माणसाच्या वाट्याला नात आली ती दूध न चालणारी.

न चालणारी म्हणजे नाक मुरडणारी नव्हे. आठ-नऊ महिन्यांची असताना मी तिला दुधात कालवलेली पेज चमच्याने भरवली आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचे ओठ सुजले, श्वासातून शिटी यायला लागली. दवाखान्यात पोचेपर्यंत मी तिला छातीशी धरून तिचे श्वास ऐकत होते, दुसरं काही ऐकू येत नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या उंबऱ्याच्या आत दूध नाही, लोणी नाही, चीज नाही, दुधाची पावडर घातलेलं साधं बिस्किटसुद्धा नाही. तिला अंगावर पाजत होते तोवर मीही सगळं सोडलं होतं. हाताला दूध लागलेल्या माणसाने तिच्या गालाला बोट लावलं तरी बोटाच्या आकाराचा लाल चट्टा उठायचा.

त्यामुळे तिची पहिली दोन वर्षं आबांनी तिला दारातून पाहिली. दुकान बंद करून, आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून यायचे आणि दारातल्या खुर्चीवर बसायचे. मी म्हणायचे, "आबा, घ्या ना जरा. आता काही होत नाही." ते दोन्ही हात काखेत घालून बसायचे. "नको गं. माझ्या नखांत दूध मुरलंय. चाळीस वर्षांचं आहे ते, एका साबणाने जाणार नाही." मग तिथूनच तोंडाने सायकलच्या घंटीचा आवाज काढायचे आणि मुंगी सतरंजीवरून त्यांच्याकडे बघून हसायची.

सासूबाई गेल्या आणि दुकान एकट्याने रेटणं त्यांना जमेना. त्यांनी ते विकलं आणि आमच्याकडे राहायला आले. सामान म्हणजे एक बॅग, तीही नव्या कपड्यांची, आणि पितळी झाकणाचा एक जुना कॅन. कॅन त्यांनी स्वतःच गॅलरीत नेऊन उपडा ठेवला. "एवढा एक राहू दे. आत आणणार नाही." मग माझ्याकडे नेलकटर मागितलं आणि मोरीपाशी बसून नखं अगदी मुळापर्यंत कापली. साबण लावला, धुतलं, वास घेतला, परत साबण लावला. शेवटी ओले पंजे माझ्यापुढे धरून म्हणाले, "बघ आता."

मी मुंगीला त्यांच्या हातांत दिलं. तिने आधी त्यांची मिशी ओढून पाहिली, मग खांद्यावर डोकं टाकलं. आबांनी मान वळवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले, "छान आहे हं घड्याळ. कुठून घेतलं?" ते घड्याळ त्यांनीच आम्हाला दिलं होतं.

आमच्याकडे ओट्सचं दूध असतं. मी घरीच करते. ओट्स थोडा वेळ भिजवायचे, पाणी टाकून द्यायचं, थंडगार पाण्यात मिक्सरमधून काढायचे आणि फडक्याने गाळायचे. आबांनी पहिल्याच दिवशी पेल्यात डोकावून विचारलं, "हे धुवण कशाचं?"

"धुवण नाही हो आबा, दूध आहे ते. ओट्सचं."

"दूध द्यायला आधी कोणीतरी व्यायला लागतं, बाई. हे कोण व्यालं?"

तिथेच बसून बूट घालणारा माझा नवरा खो खो हसला. तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि सकाळी घाईत असतो. जाता जाता म्हणाला, "आबा, तिच्याशी दुधावरून वाद घालू नका. या घरात तीच डेअरी."

पुढच्या आठवड्यात एकदा मी आंघोळीला गेले होते. मला मदत म्हणून आबांनी ते गाळलेलं दूध पातेल्यात ओतून गॅसवर चढवलं. दूध आलं की आधी तापवायचं, हे त्यांच्या हाडात बसलेलं. आणि तापत्या दुधाकडे पाठ करायची नाही, हाही त्यांचाच नियम. दुकानात यासाठी कामाच्या माणसांना त्यांनी धारेवर धरलेलं. मी केस पुसत बाहेर आले तर आबा पळी हातात घेऊन पातेल्यावर वाकलेले. दूध वर यायची वाट बघत होते. ते कुठलं वर यायला! ओट्सचं दूध तापवलं की घट्ट होत जातं. पातेल्यात बुडबुडे फुटत होते, जड, आळशी, एकेक. आबांनी पळी उचलली तशी पातेलंही थोडं उचललं गेलं.

"अगं," ते हळूच म्हणाले, "हे जिचं दूध, तिने काय खाल्लंय?"

मला इतकं हसू आलं की ओट्याला धरून खालीच बसले. संध्याकाळी नवऱ्याने ती खळ पाहिली आणि विचारलं, "आबा, कुठे पोस्टरं लावायचीत?" आबाही हसले, पण दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "मला नीट शिकव. जे घरात आहे ते मला यायला हवं."

आणि शिकले. माझ्यापेक्षा बरं करायला लागले. मिक्सर जास्त फिरवला की दूध बुळबुळीत होतं, हे मी सांगितलं. फडकं पिळायचं नाही, आपोआप गळू द्यायचं, हे त्यांनी शोधलं. "पिळून काढलं की कुठलीही गाय रागावते." मिक्सरची गाय झाली ती इथून. सकाळी मुंगी डोळे चोळत यायची आणि विचारायची, "आबा, गाय दोहली?" आबा म्हणायचे, "दोहली की. हिला चारा कमी आणि हंबरणं जास्त. पण शेण काढावं लागत नाही, एवढं एक सुख." फडक्यात उरलेला चोथा ते पिठात घालायला मला देत आणि नखावर एक थेंब घेऊन अंगठा तिरपा करत. ओट्सचा थेंब जागचा हलत नाही, बसून राहतो. "बघ, किती हट्टी. तुझ्यावर गेलंय," असं मुंगीला सांगत.

तिला जपायची एक रीतही त्यांनीच लावली. कोणीही काही खायला-प्यायला दिलं की आधी विचारायचं, "हे माझं आहे का?" आणि समोरच्याने "हो, तुझंच," म्हटल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही. आबा मुद्दाम पाण्याचा पेला पुढे करत आणि ती विसरली तर हात मागे घेत. "विचारल्याशिवाय घोट नाही!" दोघांचा खेळच झाला होता तो. ती बाहुलीलाही विचारायला लावायची. मी चष्म्याच्या दुकानात अर्धा दिवस काम करते. काचा पुसताना, लोकांच्या नाकावर फ्रेम बसवताना, माझं मन पहिल्यांदाच घरी अडकून राहत नव्हतं.

मुंगी चार वर्षांची झाली त्या हिवाळ्यातली गोष्ट. माझी सुट्टी होती आणि मी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. करपल्याचा वास आला. स्वयंपाकघरात गेले तर आबा गॅसपाशी उभे, पळी हातात, नजर पातेल्यात. पातेल्याच्या कडेला ओट्सची खळ तपकिरी होऊन चिकटली होती.

मला वाटलं, मुंगीला हसवायला जुनी गंमत करताहेत. मी म्हणाले, "काय हो आबा, परत पोस्टरं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "वर येईना अजून. मघापासून उभा आहे. दूध नासलंय बहुतेक. कुणाकडून घेतलं आज?"

"आबा, तुम्हीच केलंत ना सकाळी? ओट्सचं आहे ते."

"हं," ते म्हणाले. आणि पळी ढवळत राहिले. थोड्या वेळाने, अगदी सहज, "तुझ्या सासूला हाक मार बरं. तिने पाणी घातलं का विचार."

मी गॅस बंद केला. त्यांच्या हातातून पळी घेताना मला त्यांची बोटं सोडवावी लागली.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, चित्रं काढायला लावली, आजचा वार विचारला. बाहेर येऊन आबाच आम्हाला म्हणाले, "मोठा हुशार डॉक्टर. वार मला विचारतो, स्वतःच्या टेबलावर कॅलेंडर ठेवून." आजाराचं नाव आम्हाला सांगितलं गेलं. आधी आजचं जाईल, मग कालचं, जुनं सगळ्यात शेवटी. मी हिशोब मांडला. आबांचं जुनं म्हणजे दूध. आणि मुंगी, तिचं ते न चालणं, आमची ओट्यावरची गाय, हे सगळं त्यांच्यासाठी कालपरवाचं.

नवरा म्हणाला, "असं बोलू नकोस. आबा सगळं विसरतील, तिला नाही विसरणार."

"तिला विसरले तर चालेल रे," मी म्हणाले, "दूध विसरता कामा नये."

तो उठला. जेवणाचं ताट उचलून आत गेला आणि बराच वेळ एकच ताट घासत राहिला.

मी दुकानातून बिनपगारी रजा घेतली. आबांना मुंगीबरोबर एकटं ठेवायचं नाही, असं ठरवलं, पण त्यांच्या लक्षात येऊ द्यायचं नाही, असंही ठरवलं. त्यामुळे मी त्यांच्या मागे-मागे उगीच काहीतरी शोधत फिरायचे. एकदा आबा म्हणाले, "सूनबाई, तुझं काय हरवलंय एवढं? सांग, मीही शोधतो." मी म्हणाले, "सुई." ते बिचारे गुडघ्यांवर बसून फरशीवर हात फिरवायला लागले. मुंगीही बसली. दोघं कितीतरी वेळ न हरवलेली सुई शोधत होते.

चांगले दिवसही असायचे. त्या दिवसांत ते गाय दोहायचे, मिशीला पीठ लावून मुंगीला घाबरवायचे, आणि मला वाटायचं की डॉक्टरांचंच काहीतरी चुकलंय.

असाच चांगला दिवस होता. आबा फेरफटका मारून येतो म्हणाले. खालच्या फाटकापर्यंतच जायचे ते, म्हणून मी जाऊ दिलं. मी न्हाणीघरात चादरी पिळत होते, मुंगी बाहेर चित्र रंगवत होती. नळ सोडलेला होता. त्या आवाजातून मला कॅनचं झाकण वाजल्यासारखं वाटलं. पितळेचा आवाज वेगळा असतो, खणकन् येतो. गॅलरीत मांजर आलं असेल, असं वाटलं. मग मला मुंगीचा आवाज ऐकू आला.

"हे माझं आहे का?"

आणि आबांचा, खुशीत आलेला, "तुझंच गं बाई! तुझं नाही तर कुणाचं? पहिलं माप घरच्या पोराचं."

मी ओल्या पायांनी धावले. मुंगीच्या हातात तिचा पेला होता आणि वरच्या ओठावर पांढरी रेघ. आबांनी गॅलरीतला कॅन कधी उचलला, कळलंच नव्हतं; कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध घेऊन त्यांनी कॅन भरून आणला होता. जिन्यात दोन घरांची बेल वाजवून त्यांना रतीबही घालून झाला होता. पायजमा नीट खोचलेला, खांद्यावर फडकं, चेहरा असा उजळलेला की मी लग्नानंतर इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता.

"आई, आज आबांनी गोड दिलं," मुंगी म्हणाली आणि खोकली.

अशा वेळेसाठी डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन आमच्याकडे दाराच्या मागे पिशवीत टांगलेलं असतं. ते मी तिच्या मांडीत कसं दिलं मला आठवत नाही. खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांनी त्यांच्या गाडीतून नेलं. वाटेत तिचे डोळे सुजून मिटले आणि ती माझं नाक चाचपून बघत राहिली, मीच आहे ना म्हणून. शिटी, तीच पहिली शिटी. डॉक्टरांनी दुसरं इंजेक्शन दिलं, तोंडावर मास्क लावला. हळूहळू ती शिटी बारीक झाली आणि थांबली. संध्याकाळी तिने मास्क बाजूला करून विचारलं, "मी विचारलं होतं ना गं आई?"

"हो राजा. विचारलं होतंस. तुझं काही चुकलं नाही."

"मग आबांचं चुकलं?"

मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिला घरी आणलं. आबा दारातल्या त्या जुन्या खुर्चीवर बसले होते, दोन्ही हात काखेत घालून. नवऱ्याने त्यांना परत काही सांगितलं नव्हतं, कारण आदल्या दिवशी सांगून काही उपयोग झाला नव्हता. ऐकायचे, रडायचे आणि परत विचारायचे, पोर कुठे गेली. पण त्या सकाळी ते लख्ख जागे होते. मुंगीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघून त्यांनी मला विचारलं, "मी दिलं?"

खोटं बोलायला मी तोंड उघडलं होतं. पण त्या नजरेपुढे बोलवेना. मी मानेनेच हो म्हटलं.

आबा बराच वेळ स्वतःच्या अंगठ्याच्या नखाकडे बघत बसले. मग नवऱ्याला म्हणाले, "मला ताईकडे सोड."

"आबा, असं काय एकदम..."

"एकदम नाही. आज मला कळतंय, म्हणून आज सांगतोय. उद्या कळेल याची खात्री तू देशील? नाही ना? मग आजचं ऐक. उद्या मी भांडेन, नाही म्हणेन, तेव्हा माझं ऐकू नकोस."

आणि तसंच झालं. बसमध्ये बसेपर्यंत ते नवऱ्याशी भांडले. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय झालं गं? मी काय केलं?" मी त्यांची बॅग उचलून दिली. कॅन त्यांनी मागितला नाही, मी दिलाही नाही.

ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याहून मोठी. बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर राहते. तिच्याकडे मुलं मोठी होऊन बाहेर पडलेली, अंगण आहे, आणि फ्रिजमध्ये दूध-दही-लोणी सगळं आहे. आम्हाला वाटलं, निदान तिथे आबांना त्यांचं जुनं मिळेल. दूध तापवतील, सायीवर नजर ठेवतील. तिथे दुधाने कोणाचं काही बिघडणार नाही.

थोड्याच दिवसांत ताईचा फोन आला. "अगं, तुझ्या सासऱ्यांनी उच्छाद मांडलाय. दुधाला शिवत नाहीत. चहा कोरा. दही वाढलं तर ताट भिंतीपर्यंत सरकवतात. मी म्हटलं, आबा, जन्मभर विकलंत, आता काय झालं? तर माझ्यावरच ओरडले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, घरात लहान मूल आहे, दिसत नाही? अगं, माझ्या घरात कुठलं आलंय मूल! आणि हात धुतात सारखे. माझ्या साबणाच्या वड्या पुरेनात."

मी फोन कानाशी धरूनच मुंगी कुठे आहे ते बघायला गेले. "ऐकतेयस ना?" ताई विचारत होती.

थंडी ओसरली, तेव्हा आम्ही मुंगीला घेऊन गेलो. ताईने दोन दिवस आधी फ्रिज रिकामा केला होता, ओटा घासला होता, नवं भांडं आणून ठेवलं होतं. तरी मी सगळं बरोबर नेलं. सकाळी उठून गाय दोहली होती, बाटली बर्फात घालून घेतली होती.

आबा अंगणात खुर्चीवर बसले होते. वाळले होते. हातांची कातडी धुऊन धुऊन पांढरी पडून भेगाळली होती आणि नखं इतकी कापलेली की बोटांची टोकं लालबुंद. मला बघून ते अर्धवट उठले. "या, या. बसा." पाहुण्यांना म्हणतात तसं. नवरा त्यांच्या पाया पडायला वाकला तर त्यालाही म्हणाले, "असू दे, असू दे. लांबून आलात?" तो "हो," म्हणाला आणि आत पाणी प्यायला निघून गेला.

मुंगीला हे काही कळलं नाही. ती सरळ जाऊन त्यांच्या गुडघ्यांना भिडली. "आबा!"

आबांनी झटकन हात मागे घेतले. मग जरा वाकून विचारलं, "कुणाची गं तू?"

"आईची!" मुंगीला वाटलं, नवा खेळ आहे.

"हुशार आहे," आबा मला म्हणाले.

तिला तहान लागली होती. मी बाटली काढून पेल्यात ओतली. तिने पेला घेतला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. दवाखान्यातून आल्यापासून ती मला विचारायची, बाबाला विचारायची, बाहुलीला विचारायला लावायची. त्या दिवशी ती आबांकडे वळली आणि पेला त्यांच्यासमोर धरून म्हणाली, "हे माझं आहे का?"

मीच केलेलं, मीच भरून आणलेलं होतं ते. तरी माझा हात पुढे झाला.

आबांनी पेला तिच्या हातून काढून घेतला. पेल्यात बोट बुडवलं. अंगठ्यावर, जिथे आता नख जवळजवळ उरलं नव्हतं, तिथे थेंब ठेवला आणि अंगठा तिरपा केला. थेंब जागेवर बसून राहिला. त्यांनी अंगठा आणखी तिरपा केला. तरी हलला नाही.

"हो," त्यांनी पेला तिला परत दिला. "तुझंच."

ती घटाघटा प्यायली. आबा तिच्याकडे बघत होते. मग माझ्याकडे झुकून, कोणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाले, "आमच्याकडेही एक आहे. एवढीच. तिला दूध चालत नाही बरं का. जिवावर बेततं. म्हणून मी हल्ली शिवतच नाही. इथल्या बाई रागावतात, पण काय करणार? हात स्वच्छ ठेवलेले बरे. बोलावणं कधी येईल सांगता येत नाही."

"कोण बोलावणार आहे, आबा?"

"सून." ते थोडं हसले. "चांगली आहे. जरा घाबरते. घाबरायलाच पाहिजे. लहान पोर आहे घरात."

मला उठून कुठेतरी जायचं होतं, पण मी बसून राहिले. रिकामा पेला खाली ठेवून मुंगी त्यांच्या मांडीवर चढायला लागली. तसे आबा गडबडीने उठले.

"थांब हं," ते तिला म्हणाले, "हात धुऊन येतो. मग घेतो."

ते आत गेले. न्हाणीघरातला नळ सुरू झाला. मुंगी खुर्चीसमोर उभी राहिली, दोन्ही हात वर करून, ते आले की लगेच उचलून घेता यावं म्हणून. नळ बंद झाला. तिने मान वळवून दाराकडे पाहिलं.

नळ परत सुरू झाला.